दुकानात जाण्याआधी छताकडे बघा : जुना पंखा बदलताना

प्रश्न थोडक्यात असा : नाशिकमधली १९९६ सालची इमारत, तिसरा मजला. १० बाय १२ ची बेडरूम, छत साडेनऊ फुटांवर, एका बाजूला २ फूट खोल माळा. पंखा वीस वर्षांचा. ५ वर ठेवला की डुलतो आणि कटकट वाजतो. खाली सहा वर्षांची मुलगी झोपते. ताईंना विचारायचंय की नवा पंखा बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्यावा की साधा, माप कोणतं घ्यावं आणि घरच्या घरी बसवता येईल का.

ताई, निवडीचं सगळं पुढे सांगतो, पण एक काम आजच करा. वरची जोडणी तपासून होईपर्यंत तो पंखा लावू नका आणि मुलीची गादी त्याखालून सरकवा. टेबलफॅनवर दोन रात्री निघतील. नुसता डुलणारा पंखा बहुतेक वेळा पात्यांमुळे डुलतो, त्यात फार घाबरण्यासारखं नसतं. डुलण्याबरोबर कटकट येत असेल तर वर कुठेतरी लोखंडावर लोखंड घासतंय, असंच मी धरून चालतो.

२६ वर्षं मी वायरिंगचं काम करतोय. लोक दुकानात पंख्याचा रंग ठरवायला तास घालवतात आणि तो ज्या हुकाला लटकणार त्याकडे मान वर करून बघतही नाहीत. मोटर बिघडली म्हणून पंखा पडत नाही, तो बंद पडतो. पडतो तो वरच्या चार वस्तूंपैकी एकीनं दगा दिला म्हणून : छतातला हुक, हुकात बसणारा रबरी रीळ, रॉडचे बोल्ट आणि त्या बोल्टांतल्या स्प्लिट पिना, म्हणजे नट निसटू नये म्हणून घालतात त्या दोन पायांच्या पिना. पंखा नवा आणला तरी हुक तोच राहतो, म्हणून सुरुवात तिथून करायची.

एमसीबी, म्हणजे पेटीतला त्या लाइनचा खटका, पाडा, घोड्यावर चढा, वरची वाटी म्हणजे कॅनोपी सैल करून खाली सरकवा आणि बॅटरीच्या उजेडात हुकाचा तळ बघा, जिथे रीळ टेकतो ती जागा. स्लॅब भरतानाच सळईला बांधून सोडलेला हुक असेल तर तो सहसा १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या सळईचा असतो. मी १२ चीच योग्य मानतो. असा हुक एरवी इमारतीइतका टिकतो. पण रबरी रीळ झिजून त्याची लोखंडी बाजू हुकावर बसली की पंख्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर हुक कापला जातो. तुम्ही म्हणता तो कटकट आवाज बहुधा याचाच.

झीज नुसत्या डोळ्यांना फसवते, कारण खाच वरच्या अंगाला पडते आणि आपण खालून बघत असतो. मी एक सोपी युक्ती वापरतो. हुकाच्या सरळ भागाला १२ नंबरचा पाना बसतो का बघतो, मग झिजलेल्या जागी १० नंबरचा लावतो. १२ च्या सळईवर १० चा पाना अलगद सरकला तर तिथलं २ मिलिमीटर लोखंड गेलंय. असा हुक मी नव्या पंख्यासाठी वापरत नाही, मग घरमालक कितीही म्हणोत की ‘अजून दोन वर्षं जाईल’. गंजाचंही तसंच. वरवरचा तांबूस गंज पॉलिश पेपरनं घासून रेड ऑक्साइड लावला की भागतं. पण नखानं पापुद्रे निघत असतील, किंवा हुकाभोवतीचं प्लास्टर फुगून ओल दिसत असेल, तर आतली सळईही खाल्ली गेलेली असू शकते. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, पंधरा वर्षांत हुकाचं पार भुगा झालेलं मी पाहिलंय.

हुक दिसायला ठीक असला तरी वजन टांगून बघतो. जुना पंखा उतरवला की २० लिटरचा पाण्याचा भरलेला जार नायलॉनच्या दोरीनं हुकाला बांधायचा, जमिनीपासून वीतभर वर, आणि रात्रभर सोडायचा. खाली जुनी गादी. पंखा ४-५ किलोचा असतो, म्हणजे हे चौपट वजन झालं. सकाळी हुकाच्या बुडाशी प्लास्टरला केसाएवढी नवी भेग दिसली तरी तो हुक बाद.

हुक बाद ठरला तर नवा ठोकायचा तो फॅन हुकवाला अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटच्या भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट, १० किंवा १२ चा. प्लास्टरची जाडी सोडून, त्यापुढच्या घट्ट काँक्रीटमध्ये निदान अडीच इंच गेला पाहिजे. भोक पाडताना सळई लागली तर ड्रिलचा आवाज बदलतो, ती कापत बसू नका, इंच-दोन इंच बाजूला सरका. भोकातली भुकटी फुंकून पूर्ण काढा, नाहीतर फास्टनर घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरानं सैल होतो. लाकडी गुट्टी किंवा प्लास्टिकचा प्लग ठोकून त्यावर पंखा अडकवू म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. स्लॅबच पोपडलेला असेल, सळई उघडी पडली असेल, तर कुठलाच फास्टनर धरणार नाही. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी अँगल टाकून त्याला पंखा लावतात. दिसायला ओबडधोबड आहे, पण झोप लागते.

ज्यांचं छत स्लॅबचं नाही त्यांच्यासाठीही दोन शब्द. पुण्या-साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत किंवा कोकणातल्या कौलारू घरांत पंखा तुळईला लावायचा, वाशाला कधीच नाही, आणि स्क्रूनं नाही तर तुळईला मिठी मारणारी पट्टी आणि आरपार बोल्ट घालून. बोल्ट घालण्याआधी तुळई ठोकून बघा. वाळवीनं पोखरलेलं लाकूड बद्द वाजतं. पत्र्याच्या घरात पंखा पाइपाला यू-क्लॅम्पनं धरतो, आणि रॉड मुद्दाम लांब घेतो, कारण पत्र्याला चिकटून फिरणारा पंखा दुपारी वरची तापलेली हवाच खाली ढकलतो. फॉल्स सीलिंग असेल तर पंखा पीओपीला किंवा त्याच्या पत्र्याच्या पट्ट्यांना लावायचा नसतो. रॉड पीओपीतून वर स्लॅबच्या हुकापर्यंत गेला पाहिजे आणि भोक रॉडपेक्षा ऐसपैस हवं, नाहीतर पंख्याची थरथर सगळ्या सीलिंगला भेगा पाडते.

आता पिना. एवढ्याशा पिनेबद्दल मी इतकं का बोलतो ते सांगतो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका घरी दिवाळीच्या गडबडीत दिवसात सहा पंखे बसवले. तिसऱ्या दिवशी त्या घरच्या आजींचा फोन आला, ‘अरे बाळा, हॉलचा पंखा रात्री टिकटिक करतो.’ मला वाटलं पातं सैल असेल. वाटी खाली सरकवली तर वरच्या बोल्टचा नट चार आटे बाहेर आला होता. पिन घातलेली होती, पण तिचे पाय मी वाकवलेच नव्हते. सरळ पायांची पिन थरथरीनं केव्हाच गळून वाटीत पडली होती. खाली पाट मांडून त्यांची नातवंडं जेवत होती. त्यानंतर आजपर्यंत एकही पंखा मी पिनेचे पाय पक्कडीनं दोन्ही बाजूंना वळवून, बोटानं चाचपून बघितल्याशिवाय वर सोडलेला नाही. रॉडला वर एक बोल्ट असतो, खाली मोटरपाशी एक. दोन बोल्ट, दोन पिना, चार पाय. खालच्या बाजूला आणखी एक छोटा स्क्रू असतो, तोही आवळायचा. जुन्या पंख्याचा रॉड, बोल्ट किंवा पिना नव्याला लावू नका. भोकं अर्ध्या मिलिमीटरनं जरी मोठी असली तरी बोल्ट आत खेळतो.

मापाकडे वळू. तुमची खोली १० बाय १२, तिला १२०० मिलिमीटरचा, म्हणजे ४८ इंची पंखा. खात्री म्हणून मोजून बघू. १२ फुटांची बाजू धरली तर मधोमध हुक, भिंतीपर्यंत ६ फूट. त्यातले माळ्याचे २ गेले, पात्याचे २ गेले, उरले २. ही जागा पुरेशी आहे. माळ्यानं १० फुटांच्या मापातले २ फूट खाल्ले असते तर एकच फूट उरला असता आणि मी १०५० चा सुचवला असता. माळ्यावरून सामान काढताना मात्र पंखा बंदच ठेवा, हा नियम मुलीलाही आत्तापासून शिकवा. स्वयंपाकघराला ९०० चा पुरतो, पण गॅसच्या डोक्यावर नको. लांबट हॉल असेल, १२ बाय १८ वगैरे, तर १४०० चा एक लावण्यापेक्षा १२०० चे दोन लावा, कोपऱ्यात बसलेल्यालाही वारा मिळतो.

उंचीचे दोन आकडे लक्षात ठेवा : पातं जमिनीपासून ८ फुटांच्या खाली नको आणि छतापासून १ फुटाच्या आत नको. छताला फार चिकटला तर पंख्याला वरून हवाच ओढता येत नाही, नुसता घरघरतो. तुमचं छत साडेनऊ फुटांवर आहे, खोक्यात येणारा नेहमीचा रॉड लावला की पातं सव्वाआठ-साडेआठ फुटांच्या आसपास येईल. छान आहे. अकरा-बारा फुटी छत असणाऱ्यांनी लांब रॉड वेगळा घ्यावा, पण त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला बसणारा. पाइप कापून वेल्डिंग केलेला रॉड मी हातात धरत नाही.

बीएलडीसी की साधा, याचं उत्तर सगळीकडे एकाच आकड्यावर दिलं जातं : ‘साधा ७५ वॅट, बीएलडीसी ३० वॅट.’ तुमच्या जुन्या पंख्यापुरतं ते खरं आहे. पण १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालं, आणि तेव्हापासून १ स्टारचा साधा पंखासुद्धा ५०-५५ वॅटच्या आसपास आला आहे. म्हणून हिशोब तीन पंख्यांचा करायला हवा. रोज १२ तास आणि ३० दिवस धरले तर तुमचा जुना ७५ वॅटचा महिन्याला २७ युनिट खातो. नवा साधा ५२ वॅटचा पावणेएकोणीसच्या आसपास. ३० वॅटचा बीएलडीसी पावणेअकरा-अकरा. म्हणजे नवा साधा आणि बीएलडीसी यांत फरक महिन्याला ८ युनिटचा. सगळे आकार धरून युनिट १० रुपयांना पडत असेल तर ८० रुपये. हिवाळ्याचे तीन-चार महिने सोडले तर वर्षाला साडेसहाशे-सातशे. दोन्हींच्या किमतीत साधारण हजार-बाराशेचा फरक असला तर तो दोन उन्हाळ्यांत निघतो. तुमचं बिल १०० युनिटच्या टप्प्याजवळ घुटमळत असेल तर आणखी लवकर, कारण वाचलेलं युनिट वरच्या महाग टप्प्यातलं असतं.

तुमच्या बेडरूमला मी बीएलडीसीच सांगेन. पंखा रात्रभर चालतो, मुलीला पहाटे गारठा लागला की अंथरुणातून रिमोटनं कमी करता येतो, आणि इन्व्हर्टरवर तो न गुणगुणता जास्त वेळ चालतो. विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी त्याचा वेग फारसा हलत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज खाली जातं तेव्हा साधे पंखे रडत फिरतात, तिथे हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. उलट जी खोली दिवसाला तास-दोन तास वापरात असते, देवघर, पाहुण्यांची खोली, तिथे जास्तीचे पैसे घालू नका.

बीएलडीसीची एक बाजू दुकानदार सांगत नाही. साध्या पंख्याचा वेग मंदावला तर बहुधा कपॅसिटर उतरलेला असतो, अडीच मायक्रोफॅरडचा डबा, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, दहा मिनिटांचं काम. मोटर जळली तरी गल्लीतला वाइंडिंगवाला ती भरून देतो. बीएलडीसीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. ते गेलं की त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं लागतं. म्हणून किमतीत दोनशे रुपये कमी-जास्त बघण्यापेक्षा तुमच्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का आणि इलेक्ट्रॉनिक कार्डावर किती वर्षांची हमी आहे, हे आधी विचारा. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की पंख्याचं बटण भिंतीवरून बंद करायची सवय लावा. नुसता रिमोटनं बंद केला तर कार्डात वीज असतेच.

दुकानात खोक्यावर चार गोष्टी वाचा. आयएसआयची खूण आणि तिच्यासोबत आयएस ३७४ हा क्रमांक. स्टार लेबल. किती वॅट. आणि हवा किती फेकतो : १२०० च्या पंख्याला मिनिटाला निदान २१० घनमीटर हवी, २२०-२३० असेल तर उत्तम. नुसत्या आरपीएमवर, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांवर, जाऊ नका. पात्याचा कल कमी ठेवून पंखा गरगर फिरवता येतो, वारा मात्र अंगाला लागत नाही. लाकडी दिसणारी अरुंद पाती, झुंबरासारखे दिवे, हे दिवाणखान्यात शोभेला ठीक. वारा हवा असेल तर तीन रुंद अ‍ॅल्युमिनियमची पाती. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी लोखंडी पत्र्याची पाती अजिबात घेऊ नयेत.

घरच्या घरी बसवता येईल का? ज्यांनी आधी कुणाला तरी शेजारी उभं राहून मदत केली आहे, त्यांना पंखा टांगता येतो. विजेची जोडणी आणि हुकाचा निर्णय मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, असं मी स्पष्ट सांगतो. तुमची इमारत १९९६ ची आहे आणि त्या काळच्या कामांत बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर, न घेता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, घेतलेलं मला अनेकदा सापडतं. तसं असेल तर बटण बंद, पंखा थांबलेला, तरीही वर फेज हजर असतो. वायरमनला सांगून पहिली हीच तपासणी करून घ्या : बटण बंद असताना वरच्या वायरींवर टेस्टर पेटतो का. आणि त्याआधी टेस्टर चालू सॉकेटमध्ये लावून तो स्वतः चांगला आहे का तेही बघायला लावा. बिघडलेल्या टेस्टरवर विश्वास ठेवून झटका खाल्लेली माणसं आमच्या धंद्यात कमी नाहीत. पुढचं काम एमसीबी पाडूनच, आणि बोर्डापाशी कुणीतरी उभं राहील.

बीएलडीसी घेतलात तर भिंतीवरचा रेग्युलेटर वाटेतून काढायचा आणि बटणातून सरळ वायर पंख्याला द्यायची. हे विसरलं जातं, मग कुणीतरी सवयीनं रेग्युलेटर फिरवतं आणि कार्ड जातं. तिथे कोरी प्लेट बसवा म्हणजे प्रश्नच उरत नाही. साधा घेतलात आणि बोर्डावर अजून तो जुना चौकोनी, तापणारा रेग्युलेटर असेल, तर त्याच वेळी इलेक्ट्रॉनिक स्टेपवाला बसवून घ्या. जुना वेग कमी करतो तो वीज उष्णतेत जाळून. हिरवी अर्थिंगची वायर पंख्याच्या अंगाला जोडली का तेही बघा. जुन्या घरात छतापर्यंत अर्थिंग आलेलीच नसते, तेव्हा ती ओढून घेण्याचा खर्च करा.

पाती बसवताना खोक्यातली तीनच बसवा. ती कारखान्यात वजनानं जुळवून एकत्र भरलेली असतात, दुसऱ्या पंख्याचं एक पातं मिसळलं की तो पंखा जन्मभर डुलतो. पातं धरायचं ते बुडाशी, टोकाला धरून उचललं तर वाकतं. सगळे स्क्रू आधी सैल लावून घ्या आणि मग थोडे थोडे करत पूर्ण आवळा. काम झाल्यावर एका पात्याच्या टोकापासून छतापर्यंत टेप धरा, मग पंखा हातानं फिरवून दुसरं पातं त्याच जागी आणा, मग तिसरं. तिन्ही मापं ३ मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत. जास्त फरक असेल तर ते पातं वाकलेलं आहे किंवा बुडाशी नीट टेकलेलं नाही. हातानं वाकवून सरळ करू नका, हमी असताना बदलून घ्या. वाटी छताला घासू देऊ नका, बोट जाईल एवढी फट ठेवा.

चालू केल्यावर पंखा खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेनं फिरला पाहिजे. अर्धा तास ५ वर सोडा, मग बंद करून रॉडचे बोल्ट पुन्हा एकदा हातानं बघा. नवा नट पहिल्याच फिरण्यात किंचित बसतो. आठ दिवसांनी पुन्हा. त्यानंतर वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईला पाती पुसायला चढाल तेव्हा वाटी खाली सरकवून रीळ आणि पिना बघत जा. पाती ओल्या फडक्यानं पुसताना एकावर जोर आणि दुसऱ्यावर हलका हात असं करू नका, आणि तिन्ही पुसा. एकावरच धूळ राहिली तरी पंखा थरथरतो.

हुकाला १० चा पाना लावून बघितलात की सरकला की अडला, आणि हुकाभोवती ओल आहे का, एवढं कळवा. त्यावरून तोच हुक ठेवायचा की नवा फास्टनर घ्यायचा याचा अंदाज सांगतो, शेवटचा निर्णय तुमच्या वायरमनचा. पंखा त्यानंतरच आणा.